लक्ष्मीबाई टिळक आणि आमच्या वाडीतील मावशी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बडोदे येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत ‘थोर माता’ या विषयावर अर्धा तास बोलावे, असा चिटणिसांचा निरोप आला तेव्हा आम्ही प्रथम नकार देणार होतो. मास्तरास बोलण्याची सवय असते हे खरे. पण ती सवय समोरचा मध्येच उठून जाऊ शकत नाही या भरवशावरची असते. येथे तसा भरवसा नाही. तरीही होकार दिला आणि लक्ष्मीबाई टिळकांचे नाव कळविले. त्यावर एका स्नेह्याने विचारले, “मास्तर, आपण मुसलमान, श्रोते बहुतेक हिंदू, आणि बोलणार एका ख्रिस्ती बाईंवर. हा त्रिवेणीसंगम कोठे जमविलात?”

त्याचे उत्तर सोपे आहे. तो संगम वाडीतील एका नळावर जमला.

आमचे आजोबा रत्नागिरीकडून बडोद्यास नोकरीसाठी आले व येथेच राहिले. आमचे लहानपण ज्या वाडीत गेले तेथे पाच बिऱ्हाडे व एक नळ होता. आमच्या भिंतीला लागून एक कॅथलिक कुटुंब राहत असे. मूळचे वसईकडचे. घरधनी प्रतापनगरच्या रेल्वे-कारखान्यात होते. ते आम्ही पाहिले नाहीत, कारण आमच्या जन्मापूर्वीच ते वारले. त्यांच्या पत्नीने चार मुले वाढविली, पुढे नातवंडे खेळविली, आणि एक्क्याण्णव वर्षांचे आयुष्य पुरे करून त्या गेल्या. सारी वाडी त्यांना मावशी म्हणे. घरच्या मंडळींची इच्छा अशी की, मावशींचे नाव सभेत घेऊ नये. स्वतः मावशींनाही ते रुचले नसते. म्हणून आम्ही नाव घेत नाही. ज्यांनी त्यांना पाहिले आहे त्यांना ते लागणारही नाही.

मावशी पहाटे उठून रोझरी म्हणत, तीही मराठीत. रविवारी मिस्सेला जात. चर्चला त्या ‘देऊळ’च म्हणत, वसईकडची जुनी माणसे तसेच म्हणतात. मुलगी असताना त्यांनी मिस्सा लॅटिनमध्ये ऐकली. रोमच्या १९६२ ते १९६५ या काळातील धर्मपरिषदेनंतर ती लोकभाषेत होऊ लागली. परंतु बडोद्यास लोकभाषा गुजराती, म्हणून मावशींच्या वाट्याला गुजराती आली. त्या म्हणत, “देवाला सगळं कळतं, मला निम्मं कळतं, म्हणजे काम भागतं.” मराठीची भूक मात्र भागत नसे, ती त्या पुस्तकांवर भागवीत. अशा पुस्तकांतले एक ‘स्मृतिचित्रे’.

आमच्या अम्मी उर्दू शाळेत शिकलेल्या. मराठी बोलत, पण देवनागरी अक्षर त्यांना वाचता येत नसे. दुपारी नळाचे पाणी गेले की ओट्यावर मावशी चष्मा लावून मोठ्याने वाचीत आणि अम्मी तांदूळ निवडीत ऐकत. आम्ही शेजारी बसून गृहपाठ केल्याचे सोंग करीत असू. लक्ष्मीबाईंशी आमची ओळख झाली ती अशी कानावाटे, पुढे बी. ए. च्या वर्गात प्राध्यापकांनी तेच पुस्तक शिकविले, तेव्हा आम्हांस उगीचच वाटले की हे गृहस्थ मावशींइतके चांगले वाचीत नाहीत.

एक खुलासा येथेच करतो. लक्ष्मीबाई कॅथलिक नव्हत्या. त्यांचे कुटुंब अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले, म्हणजे प्रॉटेस्टंट. लहानपणी आम्हांस हा भेद ठाऊक नव्हता. तो कळल्यावर आम्ही शहाणपणाने मावशींना सांगावयास गेलो. त्या म्हणाल्या, “देऊळ निराळं आहे रे, बाई आपलीच.”

आता बाईंकडे वळू.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळील जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. त्यांच्या आईच्या वडिलांना सत्तावन्नच्या बंडात फाशी झाली होती. त्या प्रसंगाचा धक्का लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनास बसला तो कायमचा, आणि त्यातून त्यांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेले धान्यसुद्धा धुवून घेतल्यावाचून घरात यावयाचे नाही! घरच्या बायकांचे हात पाण्यातून बाहेर निघत नसत. हे सारे लक्ष्मीबाई हसतहसत सांगतात. वाचणाराही हसतो. मग पान उलटताना त्याला कळते की, हसून सांगितलेली ही गोष्ट भीतीची आहे. एका माणसावर सरकारचा हात पडला आणि त्या हाताचा विटाळ त्याच्या जावयाने जन्मभर धुतला.

अशा घरातली ही मुलगी अकराबारा वर्षांची असता, १८८० साली, नारायण वामन टिळकांस दिली गेली. टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे, म्हणजे आमच्या आजोबांच्या मुलखातले. तेव्हा थोडा अभिमान आम्हांसही धरू द्यावा. टिळक कवी मोठे. ‘केवढे हे क्रौर्य’ ही त्यांची कविता आम्ही दरवर्षी वर्गात म्हणून दाखवितो, आणि बाकावरचा एखादा मुलगा दरवर्षी डोळे पुसतो. पण संसारी माणूस म्हणून टिळक कसे होते हे त्यांच्या पत्नीलाच विचारावे. मनात आले की घरातून निघून जावे, हातात आले ते देऊन टाकावे, रागावावे तेही अचानक आणि विरघळावे तेही अचानक. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या हाताखाली.

१८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांस बायबल दिले. पुढे दोन वर्षे त्यांच्या मनात काय चालले होते ते बायकोस पुरते कळले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि ती बातमी लक्ष्मीबाईंकडे पोचली ती घडून गेलेली गोष्ट म्हणून.

धर्मांतराच्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. कोणी कोणता धर्म का घेतला, हे तो आणि त्याचा परमेश्वर पाहून घेतील. परंतु एक गोष्ट स्पष्ट बोलण्याची परवानगी असावी. टिळक फार मोठे होते, आम्ही त्यांचे भक्त आहोत; तरीही पदरात लहान मूल असलेल्या बायकोस न विचारता त्यांनी तिचे अवघे जग एका दिवसात उलटे केले. हा अन्याय होता. लक्ष्मीबाई तो अन्याय लपवीत नाहीत आणि त्याची फिर्यादही मांडत नाहीत. नवऱ्याला देव करणाऱ्या आठवणी मराठीत पुष्कळ आहेत. ज्या बाईने त्याला माणूस ठेवले आणि तरी त्याच्यावर जीव लावला, अशी हीच एक आम्हांस ठाऊक आहे. पुष्कळ टीकाकार त्यांना ‘भोळ्या’ म्हणतात. आमच्या मते त्यांनी पुस्तक घाईने वाचले असावे. भोळ्या माणसाला इतके दिसत नाही.

पुढची चार-साडेचार वर्षे ताटातुटीची. बहीण भिकूताई व मेहुणे नानासाहेब पेंडसे यांच्या आश्रयाने त्या पंढरपुरास राहिल्या. बरोबर १८९१ साली जन्मलेला दत्तू. त्याच्याआधी पोटची मुले गेल्याचे दुःख त्यांनी सोसलेच होते. नवरा जिवंत, पण त्याचे नाव घेण्याची चोरी. याच काळात लक्ष्मीबाई कविता करू लागल्या. ज्या बाईला लिहिण्याचा पुरता सराव नव्हता तिने शब्द जुळवावयास घेतले, ते कोणी छापील म्हणून खास नव्हे.

त्या वेळी १८६६ सालचा एक कायदा होता. धर्मांतर केलेल्या देशी ख्रिस्ती माणसाशी त्याची बायको धर्माच्या कारणास्तव नांदावयास तयार नसेल, तर त्याला कोर्टातून ते लग्न मोडून घेता येई. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. ते वाट पाहत राहिले. अन्याय त्यांचा मांडला, तसा हा मोठेपणाही मांडला पाहिजे.

शेवटी लक्ष्मीबाई दत्तूस घेऊन नगरला टिळकांकडे गेल्या. परंतु कशा? चूल निराळी, पाणी निराळे, सोवळे आपले आपल्यापाशी. नवरा हवा, त्याचा धर्म नको. मिशनच्या वस्तीत राहावयाचे, ख्रिस्ती शेजाऱ्यांशी बोलावयाचे, त्यांच्या मुलांना मांडीवर घ्यावयाचे, आणि पाण्याच्या भांड्याला मात्र कोणी शिवावयाचे नाही. भगिनींनो, कल्पना करा. घागर लपविण्यात बाईचा दिवस जात असेल.

आणि मग एका रात्री त्या एकट्याच विचार करू लागल्या. देवाने माणूस निर्माण केला. जाती कोणी केल्या? त्या विचाराच्या टोकाला जाईपर्यंत त्या थांबल्या नाहीत, आणि टोकाला गेल्यावर मनातली शिवाशीव नाहीशी झाली. कोणी मिशनरी समोर बसला नव्हता, कोणी प्रवचन केले नव्हते, आणि टिळकांनीही हट्ट धरला नव्हता. ख्रिस्ती होण्याचा निश्चय पुढचा. आधी पाणी मोकळे झाले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागून पाच वर्षांनी, आपल्या पायांनी, आपल्या चालीने.

मावशी हा भाग वाचीत होत्या तो दिवस आम्हांस आठवतो. आम्ही आठनऊ वर्षांचे असू. वाचता वाचता मावशी थांबल्या, पाणी प्याल्या, पुन्हा वाचू लागल्या. अम्मींचे सूप मात्र थांबले ते थांबलेच.

आता आमच्या घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगावी की नाही यावर आम्ही पुष्कळ दिवस घालविले. इस्लाममध्ये जात नाही, एका सफेत उभा राहिला की राजा आणि चाकर सारखे, हे आम्ही लहानपणापासून ऐकले व आज आम्हीही अभिमानाने सांगतो. पण आमच्या दादींच्या राज्यात मोरीजवळच्या फळीवर एक ॲल्युमिनियमचा पेला वेगळा ठेवलेला असे. वाडीचे संडास झाडावयास जी बाई येई तिला पाणी त्या पेल्यात, वरून ओतून. पेला तिनेच विसळून पालथा घालावयाचा. कोणत्या किताबात हे लिहिले आहे असे दादींना कोणी विचारले नाही. विचारले असते तर त्यांनाही नवल वाटले असते, कारण ती गोष्ट त्यांना धर्माची वाटतच नव्हती, स्वच्छतेची वाटे. धान्य धुणाऱ्या त्या गोखल्यांनाही ती स्वच्छतेचीच वाटत असणार.

त्या संध्याकाळी अम्मींनी तो पेला राखेने घासला आणि आमच्या पेल्यांच्या रांगेत ठेवून दिला. दादींनी पाहिले. दोन दिवस सासूसुनेचे बोलणे बंद होते. तिसऱ्या दिवशी ताप आला म्हणून दादींनी पाणी मागितले आणि अम्मींनी त्याच पेल्यातून नेऊन दिले. हे मुद्दाम केले की चुकून, हे आम्ही अम्मींना पुढे पुष्कळदा विचारले. त्या नुसत्या हसत.

मंडळी, ‘थोर माता’ म्हटले की आपण शिवरायांच्या व श्यामच्या आईची आठवण काढतो; काढावीच. लक्ष्मीबाई आई होत्या त्या आणखी एका तऱ्हेने. दत्तू त्यांचा, तारा दत्तक घेतलेली. शिवाय टिळक रस्त्यातून ज्याला हाताशी धरून आणतील तो त्यांचा. दुष्काळात उघडी पडलेली पोरे घरात वावरत. बालकवी ठोमरे नगरला त्यांच्याकडे राहिले. त्या लहरी, हळव्या पोराचे जे चित्र लक्ष्मीबाईंनी काढले आहे ते कोणा चरित्रकाराला काढता आले नाही, कारण चरित्रकाराने त्याला जेवू घातले नव्हते. नगरास प्लेग आला तेव्हा आजारी मुलींची शुश्रूषा त्यांनी केली. जिच्या वडिलांना बाजारातल्या धान्याचा विटाळ होई, तिने प्लेगाच्या गाठी आलेल्या परक्या मुलींना हाताने शेकले. आम्ही हे वाक्य वर्गात उच्चारतो आणि थांबतो. त्यापुढे मास्तराने बोलण्याजोगे काही उरत नाही.

टिळकांनी अखेरच्या काळात मिशनचा पगार सोडला, साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस देह ठेवला. लक्ष्मीबाई त्या वेळी पन्नाशीच्या. पुढची सतरा वर्षे त्या एकट्या असत्या तर नवल नव्हते. पण एकट्या राहण्याची कला त्यांना येत नव्हती. काही काळ त्या मुलाबरोबर कराचीस होत्या. तेथली भाषा निराळी, पाणी निराळे, माणसे निराळी. पण बाईंचे कोणावाचून अडले नाही, आणि लवकरच त्यांच्यावाचून इतरांचे अडू लागले. मुलगा देवदत्त, सून रूथ, नातवंडे. आजीपण हे त्यांचे सर्वांत आवडते पद असावे, असे आम्हांस वाटते.

आणि या आजीने त्या वयात काय करावे? टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले होते. साडेदहा अध्याय होऊन ते राहिले. शाळा न पाहिलेल्या या बाईने पुढचे साठांहून अधिक अध्याय ओवीत रचले. ते १९३८ साली प्रसिद्ध झाले तेव्हा त्या नव्हत्या. येथे थोडे विषयांतर होते, पण मावशींसाठी करतो. मराठी ओवीत ख्रिस्ताची कथा प्रथम सांगितली ती गोव्यातील जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी, १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’त. स्टीफन्स जन्माने इंग्रज, पण मराठीची थोरवी गावी ती त्यांनी. एका कॅथलिक पाद्र्याने जी ओवी हाती घेतली, तीच तीनशे वर्षांनी एका प्रॉटेस्टंट आजीने चालविली. आणि दोघांच्याही आधी ती आपल्या आयाबायांच्या जात्यावर होतीच. मावशींना हे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला की, जणू वसई आणि नाशिक यांचे सोयरिक आम्हीच जुळविली.

‘स्मृतिचित्रे’ जन्मली तीही मुलाच्या निमित्ताने. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहावयास सांगितल्या. आईने नवऱ्याच्या आठवणी लिहावयास घेतल्या आणि त्यातून तिचे स्वतःचे चित्र उमटले. त्या आठवणी प्रथम ‘संजीवनी’त आल्या, १९३४ साली पहिला भाग ग्रंथरूपाने निघाला. त्याच साली आपल्या बडोद्यास नारायण गोविंद चापेकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले होते. या गावाने १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार संमेलने पाहिली. आज मराठी शाळेच्या वर्गात आम्ही हजेरी घेतो तेव्हा ही नावे उच्चारणे बरे, नाहीतर हजेरी फार लवकर संपते.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाई निवर्तल्या. चौथा भाग त्यांच्या मागून निघाला. त्यांची कविता ‘भरली घागर’ या नावाने १९५१ साली आली. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी ‘स्मृतिचित्रां’ची संपूर्ण आवृत्ती सिद्ध केली. आजीच्या वाक्याला कोठे कात्री लागली, कोठे शब्द बदलला, हे नातवाने पानोपान तपासावे, यापरते आजीचे श्राद्ध कोणते?

मावशींच्या अखेरच्या दोन वर्षांत त्यांची दृष्टी गेली. ओट्यावर बसत, पण वाचणे सरले. तोवर अम्मी देवनागरी शिकल्या होत्या. कोणापाशी, ते वेगळे सांगावयास नको. मग वाचणे अम्मींकडे आले व तांदूळ निवडणे मावशींकडे. खड्याला डोळे लागत नाहीत, बोटे पुरतात, असे त्या म्हणत. अम्मींचे वाचन जोडाक्षराशी अडखळे. ‘ख्रिस्त’ हा शब्द त्यांना शेवटपर्यंत नीट जमला नाही, आणि मावशींनी तो एकदाही सुधारला नाही. रमजानमध्ये अम्मींचा घसा सुके, म्हणून त्या महिन्यात मावशी स्वतःच ‘आज नको’ म्हणून पुस्तक मिटावयास लावीत. लेंटच्या दिवसांत मावशींचा शुक्रवारचा उपवास असे. त्या दिवशी अम्मी आमच्या चुलीवर मांस चढू देत नसत. हे कोणी कोणाला सांगितले नव्हते.

मावशी गेल्या तेव्हा चर्चमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. प्रार्थना गुजरातीत होती. आटोपल्यावर मावशींच्या नातीने अम्मींना पुढे नेले. अम्मींनी हातावर हात ठेवून ओठांतल्या ओठांत काही म्हटले. ते काय होते, ते आम्ही विचारले नाही.

अर्धा तास होऊन गेला; अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत नाहीत हा त्यांचा चांगुलपणा. एक काम राहिले आहे. अम्मींच्या ट्रंकेत परवा एक पुस्तक सापडले. पुठ्ठा सुटलेला, शिवण दुसऱ्यांदा घातलेली, आतल्या पानांवर हळदीचे डाग, आणि एका ठिकाणी खूण म्हणून घातलेले आगगाडीचे जुने तिकीट, बडोदे ते वसई रोड. पहिल्या पानावर मावशींच्या हातचे नाव आहे. ते आम्ही कधी परतच केले नाही. मावशींची नात आज सभागृहात, तिसऱ्या रांगेत आहे. ती शिक्षिका होणार आहे असे कळते. बेटा, पुढे ये, हे घेऊन जा. तिकीट तसेच राहू दे. वाचन तेथवर आले होते.